डिस्क लावल्या, पण पाइप जुनेच? एका इंदुरी पिकअपच्या निमित्तानं

प्रश्न विचारणारे राजेंद्र नगरचे आहेत. त्यांच्याकडे आजोबांची १९५१ ची शेव्हरोले ३१०० पिकअप आहे, उजव्या स्टिअरिंगची. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकचं अमेरिकन किट मागवून बसवलं. किटमध्ये दोन कोठ्यांचा मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल पाइपांत ढकलणारा पंप), व्हॅक्यूम बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) आणि पितळी व्हॉल्व्ह होते, पण मिस्त्री म्हणाले, "भिया, वो बाद में देखेंगे", आणि जुन्याच मास्टरवर, जुन्याच पाइपांवर पुढचे कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे, जोडून दिले. कॉलनीत दोन चकरा मारल्या तर पेडल अर्ध्यापर्यंत खाली जातं, आणि घरी आल्यावर पुढच्या चाकांना हात लावला तर चटका बसतो. आता मिस्त्री म्हणतात, जुना पाइप पातळ आहे, डिस्कला जाड पाइप लागतो, आणि एसीवाल्याकडून तांब्याचा पाइप आणू या. विचारणा अशी की पाइप बदलायचे का, बदलायचे तर कुठले, आणि तांबं चालेल का.

आधी तांब्याचं. नाही चालणार. कारण पुढे सांगतो, त्यात माझीही एक फजिती आहे.

पाइप मात्र सगळे बदला. मास्टरपासून चारही चाकांपर्यंत, एकही जुना तुकडा न ठेवता. तुमच्या मिस्त्रींना पाइप बदलावेसे वाटताहेत हे बरोबर, पण त्यांनी दिलेलं कारण चूक आहे, आणि चुकीच्या कारणानं काम केलं की काम पुन्हा चुकतं. जाड पाइपानं ब्रेकचा दाब वाढत नाही. कोंडलेल्या द्रवातला दाब सगळीकडे सारखाच असतो, शाळेत पास्कलच्या नियमात शिकलो तेच. पाइप ३/१६ इंची असो की १/४ इंची, मास्टरनं ७० किलो दर चौरस सेंटिमीटर दाब तयार केला तर कॅलिपरपाशीही तितकाच पोचतो. आणि ब्रेक मारताना पाइपातून वाहणारं ऑइल असतं चमचाभर. ३/१६ चा पाइप, म्हणजे बाहेरून पावणेपाच मिलिमीटर, तेवढं ऑइल आरामात नेतो. किटवाले बहुतेक सगळी गाडी ३/१६ मध्येच करायला सांगतात, मीही तेच करतो. एकच माप, एकच गुंडाळी. पंचवीस फुटांची एक गुंडाळी तुमच्या ११६ इंच व्हीलबेसच्या गाडीला पुरते, एखादा फ्लेअर, म्हणजे पाइपाचं पसरवलेलं तोंड, बिघडला तरी.

मग बदलायचे का? दोन कारणं. पहिलं गंजाचं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी पाइपाला आतून खातं. बाहेरून रंग लावलेला, दिसायला ठणठणीत पाइप आतून खड्डे पडलेला असू शकतो, आणि बाहेरून तो सर्वांत जास्त खराब होतो तो क्लिपखाली, जिथं पावसाचा चिखल अडकून बसतो आणि आपल्याला काही दिसत नाही. जुन्या ड्रम ब्रेकच्या काळात, ज्यात लायनर ड्रमला आतून दाबतात, या पाइपांवर बेताचाच भार होता. हिशेब करून बघा: पायानं ३० किलो दाबलं, पेडलची तरफ सहापट, मास्टरच्या दट्ट्यावर आले १८० किलो. एक इंची मास्टरच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ पाच चौरस सेंटिमीटरच्या जरा वर. म्हणजे दाब साधारण ३५ किलो दर चौरस सेंटिमीटर. ड्रममध्ये चाकाच्या फिरण्यानंच लायनर आणखी आवळला जातो, त्यामुळे एवढ्यात भागतं. डिस्कमध्ये ती फुकटची मदत नाही. पॅड जितका दाबाल तितकाच ब्रेक, म्हणून बूस्टर लावून दाब दुपटीवर न्यावा लागतो. सत्तर वर्षांच्या पाइपाला उतारवयात दुप्पट ओझं उचलायला सांगण्यासारखं आहे हे.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जुन्या पाइपांची मांडणीच वेगळ्या ब्रेकसाठी केलेली आहे. तुमच्या गाडीत एकाच दट्ट्याचा मास्टर, त्यातून एक पाइप, पुढे एक टी (तीन तोंडांचा जोड), आणि तिथून पुढची-मागची वाट. कुठंही एक होज, म्हणजे चाकाजवळची लवचिक रबरी नळी, फुटला की चारही चाकं गेली, पेडल जमिनीला. अमेरिकेत १९६७ च्या मॉडेलपासून दोन सर्किटचे मास्टर सरसकट आले ते याचसाठी. तुमच्या खोक्यात पडलेला मास्टर त्याच जातीचा आहे: पुढच्या चाकांचं सर्किट वेगळं, मागच्या चाकांचं वेगळं. जुना टी तसाच ठेवून नवा मास्टर जोडला, तर दोन सर्किटं टीमध्ये पुन्हा एक होतात आणि पैसे पाण्यात. मी दोन ठिकाणी असं केलेलं पाहिलं आहे. एकाने तर नव्या मास्टरचं मागचं तोंड बोल्ट ठोकून बंदच केलं होतं, पुढच्या तोंडावर चारही चाकं! म्हणून म्हणतो, डिस्क लावणं हे चाकापाशी संपणारं काम नाही. चाकापाशी चार बोल्ट आणि एक ब्रॅकेट असतं, ते कुणीही बसवतो. खरं काम चेसिसखाली आहे.

आता तुमची चाकं का तापतात ते बघू. जुन्या ड्रमच्या मास्टरमध्ये तोंडाशी एक छोटा झडपेसारखा व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही तो पाइपात साधारण १० पौंड दर चौरस इंच एवढा दाब धरून ठेवतो, म्हणजे व्हील सिलेंडरच्या (ड्रममधला, लायनर ढकलणारा छोटा सिलेंडर) रबरी वाट्या फुगलेल्या राहतात आणि हवा आत येत नाही. ड्रमला हे चालतं, कारण तिथं लायनर मागे ओढायला दणकट स्प्रिंगा आहेत. डिस्कला अशी स्प्रिंग नाही. या किटांत बहुधा येणाऱ्या जनरल मोटर्सच्या मोठ्या कॅलिपरचा दट्ट्या २ पूर्णांक १५/१६ इंची, क्षेत्रफळ जवळपास ४४ चौरस सेंटिमीटर. १० पौंड म्हणजे ०.७ किलो दर चौरस सेंटिमीटर. गुणाकार करा: पाय काढल्यावरही प्रत्येक पॅडवर तीस किलो सतत दाबलेलं. चाक तापणारच. जुन्या मास्टरवर डिस्क चालवूच नका, कॉलनीतसुद्धा नाही. आणि पेडल अर्धं जातं त्यालाही हाच मास्टर एक कारण असू शकतो. तो चार व्हील सिलेंडरांच्या मापाचा आहे, कॅलिपरच्या भल्यामोठ्या पिस्टनला पुरेल एवढं ऑइल एका दाबात देईलच असं नाही. पण हवाही असू शकते, तिच्याकडे येतोच.

नव्या मास्टरवरही एक खबरदारी घ्या. तुमच्या गाडीत मास्टर फळीखाली चेसिसवर बसतो, म्हणजे कॅलिपरपेक्षा खाली किंवा बरोबरीत. गाडी उभी असताना कॅलिपरमधलं ऑइल उताराला लागून मास्टरकडे परत येतं आणि पहिला पेडल खोल जातो. म्हणून पुढच्या सर्किटवर २ पौंडाचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे वर सांगितला तसाच थोडा दाब धरून ठेवणारा, लावायचा, मागच्या ड्रमवर १० पौंडाचा. किटमध्ये दोन्ही असतील, बहुधा निळा आणि लाल, पण रंगावर न जाता त्यावर कोरलेला आकडा आणि बाण वाचा. बाण मास्टरकडून चाकाकडे. उलटा लावला तर ऑइल पुढे जाणारच नाही आणि तुम्ही दिवसभर पेडल मारत बसाल. नव्या मास्टरच्या मागच्या तोंडात हा व्हॉल्व्ह आधीच आहे का, तेही तपासा. बारीक तार तोंडाच्या छिद्रातून अलगद आत सरकवा. रबर लागून तार परत ढकलली गेली तर व्हॉल्व्ह आत आहे, मग बाहेर दुसरा नको. कुठलं तोंड कुणाचं हे ठरवताना कोठी बघा: मोठी कोठी डिस्कची. पॅड झिजत जातो तसा पिस्टन बाहेर येतो आणि ऑइल कॅलिपरमध्ये साठत जातं, म्हणून त्या बाजूला जास्त साठा ठेवतात.

पितळी कॉम्बिनेशन व्हॉल्व्हचा उपयोग मागच्या चाकांसाठी आहे. पिकअपचा हौदा रिकामा असला की मागची चाकं हलकी, त्यात ब्रेक मारल्यावर वजन पुढे ढळतं, आणि मागची चाकं लॉक होऊन गाडी शेपूट फिरवते. पावसाळ्यात, पहिल्या सरीनंतर एबी रोडवर हे अनुभवायची गरज नाही. व्हॉल्व्ह मागचा दाब एका मर्यादेनंतर हळू वाढवतो आणि पुढचे पॅड मागचे लायनर टेकेपर्यंत क्षणभर रोखून धरतो. हा मास्टरच्या जवळ, चेसिसला घट्ट बसवा. नुसता पाइपांवर लोंबकळत ठेवू नका.

आता पाइप कुठला. आपल्याकडे मिस्त्री ज्याला बंडी पाइप म्हणतात तो घ्या, म्हणजे पोलादी पत्र्याचे दोन वेढे तांब्यानं जोडून केलेली ब्रेकची नळी. वरून जस्ताचा किंवा प्लास्टिकचा थर असलेली मिळाली तर उत्तम. दुसरा चांगला पर्याय तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा, साधारण नव्वद भाग तांबं, दहा भाग निकेल. व्होल्वोनं १९७६ पासून आपल्या गाड्यांना हाच लावला. गंजत नाही, हातानं वळतो, फ्लेअर पहिल्याच खेपेला सुरेख येतो. महाग आहे, मागवावा लागतो, पण घरी पहिल्यांदा करणाऱ्यानं हाच घ्यावा असं माझं मत आहे. स्टेनलेस स्टीलच्या मोहात पडू नका. चकाकतो छान, पण इतका कडक की साध्या टूलनं डबल फ्लेअर नीट होत नाही आणि जोड पाझरत राहतात. स्टेनलेस हा प्रदर्शनात गाडी उभी करणाऱ्यांचा शौक आहे.

एसीचा तांब्याचा पाइप दिसायला तांबं-निकेलसारखाच, म्हणून लोक फसतात. मीही फसलो होतो. १९९४ साली माझ्या जुन्या जीपचा मागचा पाइप गळायला लागला. बंडी पाइप त्या दिवशी मिळेना, आणि एका फ्रीज दुरुस्तीवाल्यानं हौसेनं तांब्याचा तुकडा वळवून, फ्लेअर करून दिला. दिसायला इतका सुबक की मीच खूष. चार-पाच महिने काही झालं नाही. मग खंडव्याहून परत येताना सिमरोलच्या अलीकडे, भेरूघाटात, वळणावर पेडल सरळ फळीला टेकला. जीपचा हातब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर असायचा, त्यामुळे आणि दुसऱ्या गिअरमुळे गाडी कडेच्या मातीत थांबली. शेजारी बसलेल्या काकांना वाटलं मी लघवीला थांबलो. घरी आल्यावर पाइप काढून पाहिला. नटच्या मागे, जिथं फ्लेअरची मान सुरू होते, तिथं केसाएवढी चीर पूर्ण वेढा घालून गेली होती. शुद्ध तांबं सतत थरथरलं की कडक होत जातं आणि शेवटी तडकतं. फ्रीजच्या मागे ते कित्येक वर्षं टिकतं कारण फ्रीज घाट उतरत नाही.

एसीवाल्यांचं टूलही आणू नका. ते सिंगल फ्लेअर करतं, म्हणजे पाइपाचं तोंड एकदाच पसरवतं. ब्रेकच्या पोलादी पाइपाला ४५ अंशांचा डबल फ्लेअर लागतो, ज्यात कड आत दुमडून दोन थरांची होते. सिंगल फ्लेअर पोलादावर कडेला फाटतो. लहान चीर डोळ्यांना दिसत नाही, दाबाखाली दिसते. आणि तिसरी जात आहे बबल फ्लेअरची, मेट्रिक गाड्यांत असते, तोंडाशी छत्रीसारखी फुगलेली. डबलच्या जागी बबल किंवा उलट लावलं तर नट कितीही आवळा, बसत नाही.

आट्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथली चूक खरोखर जीव घेऊ शकते. अमेरिकन गाडीत ३/१६ च्या पाइपाचा नट ३/८ इंच, २४ आट्यांचा. आपल्या बाजारातल्या बहुतेक नव्या गाड्यांत एम-१०, एक मिलिमीटर आट्याचा. ३/८ म्हणजे ९.५ मिलिमीटर, इंचाला २४ आटे. एम-१० म्हणजे १० मिलिमीटर, इंचाला साधारण साडेपंचवीस. दोन्ही हातात घेतले तर जुळे भाऊ. एम-१० चा नट ३/८ च्या भोकात जाणार नाही, तिथं भांडण तिथंच संपतं. पण ३/८ चा नट एम-१० च्या भोकात जातो, दोन-तीन फेरे घेतो, थोडासा आवळल्यासारखाही वाटतो. मग एक दिवस जोरात ब्रेक मारल्यावर आटे सोलून पाइपासकट बाहेर येतो. तुमचं किट अमेरिकन असलं तरी होज किंवा टी लोहा मंडीतून घेतले तर प्रत्येक नट बोटांनी पूर्ण खोलीपर्यंत फिरवून बघा. बोटांनी सहज आणि न खडखडता शेवटपर्यंत गेला तरच तो त्या भोकाचा. मास्टरची दोन तोंडं मुद्दाम वेगवेगळ्या मापांची असतात. त्यांना लागणारे मोठे नट आणि ॲडॅप्टर किटबरोबर येतात, ते हरवू नका.

जोडांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. नळाचा प्लंबर करतो म्हणून इथं नाही. इथं आटे फक्त पकडतात, गळती थांबवते ती फ्लेअर आणि पितळी बैठक यांची धातूवर धातू गाठ. टेपचा तुकडा सुटून मास्टरच्या बारीक छिद्रात गेला तर वेगळंच महाभारत. आणि ऑलिव्हची कॉम्प्रेशन जोडणी, जी गॅसच्या किंवा पाण्याच्या नळीला चालते, ती ब्रेकला कधीच नाही, तात्पुरतीसुद्धा नाही.

आता प्रत्यक्ष काम. जुने पाइप काढताना घाई करू नका, शक्यतो सरळ आणि अख्खे काढा. नट सत्तर वर्षांत पाइपाला चिकटलेला असतो, पाना फिरवला की पाइपही पिळतो. एक रात्र गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि फ्लेअर नटचा खास पाना वापरा, जो पाच बाजूंनी धरतो. साध्या पान्यानं नटच्या कडा गोल होतात. काढलेले पाइप भिंतीला टांगून ठेवा, वळणं बघायला उपयोगी पडतात. जिथं वाट नवी आहे, तिथं आधी वेल्डिंगची बारीक तार वळवून चेसिसवर धरून बघा, मग त्या तारेवर पाइप बेता. मी पहिली काही वर्षं तारेचा नाद करत नव्हतो. दोन गुंडाळ्या वाया घालवल्यावर करायला लागलो.

पाइप कापायला फिरता कटर. आरीनं कापला तर कीस आत जातो आणि तोच कीस नंतर मास्टरची रबरं फाडतो. कापल्यावर आतली कड कोरून काढा, बाहेरची कड जराशी उतरती करा. आणि मग, फ्लेअर करण्याआधी, नट पाइपात घाला. हसू नका. फ्लेअर झाल्यावर नट बाकावर पडलेला सापडतो हा प्रत्येक मिस्त्रीचा अनुभव आहे, माझा तर वर्षातून एकदा ठरलेला. पाइप टूलमधून किती बाहेर काढायचा ते मधल्या डायच्या कडेशी बरोबर जुळवा. कमी काढला तर फ्लेअर खुजा, जास्त काढला तर वाकडा. टोकाला ब्रेक ऑइलचा एक थेंब लावा. पहिल्या दाबात तोंड फुगतं, दुसऱ्यात आत दुमडतं. झाल्यावर उजेडाकडे धरून बघा: गोल आहे का, कड एकसारखी आहे का, चीर आहे का. शंका आली तर कापून पुन्हा करा. पहिले तीन-चार फ्लेअर भंगार तुकड्यांवर करून बघा, गाडीच्या पाइपावर शिकू नका.

वाट ठरवताना तीन गोष्टी सांभाळा. सायलेन्सरच्या पाइपापासून चार बोटं लांब, कारण तापलेलं ब्रेक ऑइल उकळतं आणि वाफ हवेसारखीच दबते. कुठंही विनाकारण वरचा उंचवटा नको, तिथं हवेचा बुडबुडा बसतो आणि निघत नाही. आणि हातभर अंतरावर क्लिप, म्हणजे पाइप थरथरणार नाही. थरथरणाऱ्या पाइपाचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. चेसिसच्या भोकातून जाताना रबरी बुश घाला. मास्टर फळीखाली चेसिसवरच असल्यामुळे तुम्हाला ती गोल वेटोळी घालायची गरज नाही, जी बोनेटखाली केबिनच्या भिंतीवर मास्टर असला की घालावी लागते. केबिन रबरी माउंटवर हलते, चेसिस वेगळं हलतं, आणि मधला पाइप त्या दोघांच्या भांडणात मरतो.

रबरी होज तीनही नवे: पुढचे दोन आणि मागच्या ॲक्सलचा एक. मागचा ड्रमच आहे म्हणून तो जुना ठेवतात, ते चूक. जुना होज बाहेरून ठीक आणि आतून सुजलेला असतो. मग ऑइल दाबाखाली जातं पण परत येत नाही, ब्रेक धरून ठेवतो, आणि लोक बिचाऱ्या कॅलिपरला शिव्या देतात. पुढचे होज कॅलिपरला बॅन्जो बोल्टनं, म्हणजे आतून पोकळ बोल्टनं, लागतात, दोन्ही बाजूंना एकेक तांब्याचा वॉशर. वॉशर एकदाच वापरायचा, प्रत्येक वेळी नवा. होज लावल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, जॅकवर चाक खाली सोडून आणि वर उचलून बघा. होज ताणला, पिळला किंवा टायरला घासला तर आत्ताच कळेल.

सगळं जोडायच्या आधी प्रत्येक पाइपातून हवा मारा आणि थोडं ताजं ब्रेक ऑइल सोडून धुवा. रॉकेल, डिझेल, पेट्रोल नको. आपल्याकडे सगळं डिझेलनं धुवायची सवय आहे, पण खनिज तेलाचा अंश राहिला तरी ब्रेकची रबरं फुगून गोगलगाय होतात. नट आधी बोटांनी लावा, मग पान्यानं आवळा, जरा सैल करा, पुन्हा आवळा. त्यानं फ्लेअर बैठकीवर नीट बसतो. ताकद मनगटाची, खांद्याची नाही.

ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ४ चा कोरडा उत्कलनांक निदान २३० अंश, पाणी ओढल्यानंतरचा १५५. डॉट ३ चे तेच आकडे २०५ आणि १४०. घाटासाठी मी डॉट ४ घेईन. डॉट ५ हे सिलिकोनचं, वेगळी जात, यांच्यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ मात्र याच कुळातलं, नावानं गोंधळ होतो. नवी सीलबंद बाटली आणा. उघडी पडलेली अर्धी बाटली कितीही भरलेली दिसली तरी तिनं पाणी प्यायलेलं असतं. आणि फेंडरवर कापड टाका, हे ऑइल रंग उचलतं. आजोबांच्या गाडीचा रंग मूळचा असेल तर तेवढंच जपा.

हवा काढताना मास्टर आधी बाकावर, शिकंज्यात धरून, दोन्ही तोंडांतून नळ्या परत कोठ्यांत सोडून हळूहळू दाबत बुडबुडे संपेपर्यंत चालवा. हे टाळलं तर गाडीवर दुप्पट वेळ जातो. मग पाइपानं सर्वांत लांबचं चाक आधी. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बहुधा मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. तुमचा सध्याचा अर्धा पेडल मला हवेमुळेही वाटतो, आणि एक गोष्ट आज संध्याकाळीच बघा: कॅलिपरचं निपल, म्हणजे हवा काढायचं तोंड, वरच्या बाजूला आहे का? डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लागला तर सगळं बसतं, बोल्टही जुळतात, फक्त निपल खाली येतं. हवा वर जाते, निपल खाली, दोघांची भेट होत नाही. मी एका ओळखीच्या गाडीवर अख्खा रविवार आणि दीड लिटर ऑइल यात घालवलं आहे. गाडीमालकाच्या आठवीतल्या मुलानं विचारलं, "काका, हवा तर वर असते ना?" त्या मुलाला मी कुल्फी खाऊ घातली.

हवा निघाल्यावर पेडल दगडासारखा हवा. इंजिन चालू करा, बूस्टर ओढू द्या, आणि पूर्ण जोर लावून एक मिनिट पेडल धरून ठेवा. तेवढ्यात दुसऱ्यानं प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू गुंडाळून बघायचं. डोळ्याला न दिसणारा पाझर कागद दाखवतो. पेडल हळूहळू खाली सरकत असेल आणि कुठं ओल नसेल, तर मास्टर आतून गळतोय. पेडल सोडल्यावर चाक हातानं सहज फिरायला हवं. फिरत नसेल तर बूस्टर आणि मास्टरमधल्या दांड्याला किंचित मोकळीक आहे का बघा. ती नसेल तर मास्टर पूर्ण मागे येत नाही, परतीचं छिद्र बंद राहतं, आणि तुमचा चटका पुन्हा सुरू.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलापासून वेगळे बदल करण्याबद्दल आहे, आणि २०२१ च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमात पन्नास वर्षांवरच्या गाडीच्या चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल नसावेत अशी अट आहे. त्यामुळे बूस्टरच्या ब्रॅकेटसाठी चेसिस कापू नका, वेल्ड करू नका, बोल्टनं बसेल असंच करा. जुना मास्टर, ड्रम आणि स्पिंडल तेल लावून डब्यात जपून ठेवा. व्हिंटेज गाड्यांच्या व्हीए मालिकेचा नंबर घ्यायचा विचार असेल तर काम सुरू करण्याआधीच आरटीओत विचारा.

तुम्ही लिहिलंय की दिवाळीत सगळ्यांना घेऊन महेश्वरला जायचंय. जा, पण आधी गाडी मोकळ्या रस्त्यावर २० च्या वेगानं, मग ४० च्या, थांबवून बघा. सरळ थांबते का, मागची चाकं आधी लॉक होतात का. मग नवे पॅड बसवायला ५० च्या वेगावरून दहा-बारा वेळा मध्यम जोरानं वेग कमी करा, मध्ये गार होऊ द्या, पूर्ण थांबू नका. शंभर किलोमीटर झाल्यावर सगळे जोड पुन्हा कोरड्या कागदानं पुसून बघा आणि कोठीची पातळी बघा. महूवरून जाम गेटचा घाट उतरणार असाल तर गेटपाशीच दुसरा गिअर टाका, मंडलेश्वरच्या सपाटीपर्यंत काढू नका.